क्रॉमफर्ड : गिरणीचे उगमस्थान

इंग्लंडला गेलेला आपला माणूस लंडन पाहतो, शेक्सपिअरचे जन्मगाव पाहतो आणि परततो. परंतु ज्या गिरण्यांनी पुढे आपल्या चरख्यावर आणि मागावर घाला घातला, त्यांचा उगम पाहावयाचा असेल तर डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड गाठावे.

१७७१ साली रिचर्ड आर्कराइटने येथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. जागा त्याने नीट हेरली होती. शिशाच्या खाणींतून निचऱ्याचे जे पाणी येई, ते काहीसे कोमट असे. त्यामुळे ते हिवाळ्यातही सहसा गोठत नसे आणि चाक बारमाही फिरे. कामगार रात्रंदिवस पाळ्यांनी राबत. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा. जवळच नॉर्थ स्ट्रीटवर १७७६ची तिमजली घरे आहेत. वरच्या मजल्यावर विणकर माग चालवी, बायकामुले गिरणीत जात. पुढे अधिक खोल खणलेल्या दुसऱ्या बोगद्याने हेच पाणी ओढून घेतले आणि गिरणीला उतरती कळा लागली.

भोवतालचा मुलूखही रम्य आहे. १७९४चा कालवा, मॅटलॉक बाथच्या वाटेवरील १७८३ची लाल विटांची मॅसन गिरणी, बेल्परची १८०४ची लोखंडी सांगाड्याची गिरणी, ही सारी डर्वेंटच्या खोऱ्यात आहेत. २००१ साली युनेस्कोने या खोऱ्यास जागतिक वारसा ठरविले.

तेथे आर्कराइटच्या बुद्धीला नमस्कार जरूर करावा. मात्र त्या पोरांनाही विसरू नये. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको.