मजकूर आपला, मग छापखानेवाला आरोपी का?

14 एप्रिल किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपले कार्यकर्ते पुस्तिका, विशेषांक, पत्रके घेऊन छापखाना गाठतात. मजकुरात कोणावर आरोप असेल तर उद्या कोर्टाची नोटीस कोणाकोणाला येईल, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

1926 चा पुण्यातील खटला आठवा. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाबद्दल लेखक दिनकरराव जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे आणि प्रस्तावना लिहिणारे केशवराव बागडे यांच्यासोबत मुद्रक रामचंद्र लाड यांनाही आरोपी केले होते. बाबासाहेबांनी या चौघांची बाजू लढवली आणि ते सुटले.

आजही कायदा मुद्रकाला वगळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. याच कलमात छपाईचे वेगळे पोटकलम आहे. मजकूर बदनामीकारक असल्याचे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना तो छापला, तर मुद्रकही दोषी ठरतो.

नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात लेखक, प्रकाशक, मुद्रक यांची जबाबदारी संयुक्त असते. वादी सगळी रक्कम एकाकडूनही वसूल करू शकतो.

मग प्रकाशकाने मुद्रकाला ‘सर्व जबाबदारी आमची’ असे हमीपत्र दिले तर? तो दोघांमधला करार झाला. त्यातून फार तर पैशांचा हिशेब ठरेल. वादीवर तो बंधनकारक नाही, आणि फौजदारी शिक्षा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यासाठी दिलेली हमी कोर्टात टिकतही नाही.

म्हणून आमचे युवकांना सांगणे आहे :

- आरोपाचे पुरावे छपाईआधीच फाईलमध्ये ठेवा. फौजदारी खटल्यात नुसते खरे असून भागत नाही, ते लोकहितासाठी छापले हेही दाखवावे लागते.
- नाव घेऊन केलेला आरोप वकिलाला दाखवा.
- शेवटच्या प्रुफावर प्रकाशकाने सही करावी.
- मुद्रकाला अंधारात ठेवू नका. त्याने नकार दिला तर तो त्याचा हक्क आहे.

चळवळीची पत्रके बहुधा उधारीवर, ओळखीच्या छोट्या छापखान्यात निघतात. त्या माणसाचे मशीन आणि घर आपल्या घाईपायी पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.