एकटेच निघालात? मग जुलैत पन्हाळा गाठा!

जुलै १६६० मध्ये शिवराय सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले, त्या पन्हाळा-पावनखिंड वाटेवर दरवर्षी पावसात पदभ्रमंती मोहिमा निघतात. ५० किलोमीटरच्या आसपास चाल, बहुतेकदा दोन दिवसांची. एकट्याने फिरणाऱ्याला ओळखी व्हायला कोल्हापूरजवळ याहून चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत!

मसाई पठारावर धुकं इतकं दाट की पुढचा माणूस दिसत नाही. चिखलात बूट रुतला की नावगाव माहीत नसलेला कुणीतरी हात देतो. रात्री वाडीत मुक्काम, चुलीजवळ ओले मोजे, ताटात गरम भात-आमटी. मग सांगली, पुणे, बेळगाव सगळे एकाच पंगतीत. गप्पा संपतच नाहीत.

नावनोंदणी आधीच करा. टॉर्च आणि मोज्यांचे जादा जोड घ्याच.