काजवे, समकालिक

काजवे, समकालिक : एकाच परिसरातील अनेक नर काजवे एकाच लयीत चमकतात व एकाच वेळी विझतात, तेव्हा त्या आविष्काराला समकालिक प्रकाशन असे म्हणतात. काजवे हे कोलिऑप्टेरा (ढालपंखी) गणाच्या लँपिरिडी कुलातील कीटक होत. त्यांच्या २,००० हून अधिक जाती ज्ञात असल्या, तरी समकालिक प्रकाशन त्यांपैकी थोड्याच जातींत आढळते. अ. सं. सं. मधील ग्रेट स्मोकी मौंटन्स राष्ट्रीय उद्यानातील फोटिनस कॅरोलिनस ही जाती या बाबतीत विशेष प्रसिद्ध आहे.

इतिहास : जर्मन वैद्य व प्रवासी एंगेलबर्ट केंफर यांनी १६९० मध्ये सयाममधील (आताच्या थायलंडमधील) नदीकाठच्या झाडांवर असंख्य काजवे एकदम चमकताना पाहिले. त्यांचे वर्णन १७२७ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि पुढील दोनशे वर्षे शास्त्रज्ञ याबाबत साशंक होते. हा भास निरीक्षकाच्या पापण्यांच्या उघडझापीमुळे होतो, असे मतही १९१७ मध्ये मांडले गेले. जॉन व एलिझाबेथ बक या दांपत्याने १९६०–७० या दशकात थायलंडमधील टेरॉप्टिक्स प्रजातीच्या काजव्यांचे चित्रण व मापन करून हा आविष्कार खरा असल्याचे सिद्ध केले. अमेरिका खंडात मात्र असे काजवे नाहीत, हा समज त्यानंतरही टिकून होता. स्मोकी पर्वतातील एल्कमाँट येथे उन्हाळी घरे असलेल्या कुटुंबांना हे दृश्य अनेक वर्षे परिचित होते. त्यांपैकी लिन फाउस्ट यांनी ही माहिती शास्त्रज्ञांना कळविली. त्यानंतर जॉनथन कोपलंड व अँड्रू मॉइसेफ यांनी १९९०–२००० या दशकात तेथे प्रत्यक्ष अभ्यास करून तिला पुष्टी दिली.

जीवनक्रम व प्रकाशन : या काजव्याची अळी ओलसर पालापाचोळ्यात एक ते दोन वर्षे राहते व गोगलगाई, लहान कीटक इत्यादींवर उपजीविका करते. प्रौढावस्था सु. तीन आठवड्यांचीच असते. प्रकाश उदरातील प्रकाशांगात निर्माण होतो. तेथे ल्युसिफेरीन या द्रव्याचे ल्युसिफेरेज या एंझाइमाच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होते. त्यास एटीपी या संयुगाची जरुरी असते. या विक्रियेत उष्णता फारच थोडी बाहेर पडत असल्याने या प्रकाशास ‘शीत प्रकाश’ म्हणतात.

अंधार पडल्यावर नर उडत असताना सु. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने पाच ते आठ वेळा चमकतात आणि नंतर सु. आठ सेकंद सर्वत्र काळोख होतो. हा क्रम पुन्हा पुन्हा चालतो. कधीकधी प्रकाशाची लाट डोंगरउतारावरून खाली सरकत असल्याचे दिसते. माद्या जमिनीलगत बसलेल्या असतात व काळोखाच्या मध्यंतरात मंद प्रकाशाने उत्तर देतात.

कारणमीमांसा : मॉइसेफ व कोपलंड यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने अनेक नरांच्या संकेतांचे अनुकरण केले. दिवे एकाच वेळी चमकले, तेव्हा माद्यांनी शेकडा ८० हून अधिक वेळा उत्तर दिले. दिवे वेगवेगळ्या वेळी चमकले, तेव्हा हे प्रमाण शेकडा १० किंवा त्याहून कमी झाले. यावरून गर्दीत स्वजातीचा संकेत ओळखता यावा, हा समकालिकतेचा मुख्य उपयोग असावा असे दिसते. या समूहाला कोणी म्होरक्या नसतो. ऑरिट पेलेग व सहकाऱ्यांनी याच उद्यानात केलेल्या अभ्यासानुसार, तंबूत एकटा ठेवलेला नर अनियमित कालांतराने चमकतो. संख्या वाढत गेली म्हणजे मात्र नियमित लय आपोआप प्रस्थापित होते. प्रत्येक काजवा आपल्या दृष्टिपथातील इतरांच्या चमकण्यास प्रतिसाद देतो व त्यातून सामूहिक लय निर्माण होते.

निरीक्षण : टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरील हे उद्यान १९३४ मध्ये स्थापन झाले. तेथे काजव्यांच्या किमान १९ जाती आढळतात. समकालिक प्रकाशन साधारणतः मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दिसते; नेमका काळ तापमान व जमिनीतील ओलावा यांनुसार दरवर्षी बदलतो. तापमान सु. १०° से. खाली गेल्यास प्रकाशन थांबते, तर तेजस्वी चांदण्यात ते उशिरा सुरू होते. प्रेक्षकांची संख्या फार वाढल्याने ऐन बहराच्या रात्री प्रवेश सोडतीने दिला जातो. विजेरीच्या काचेवर लाल किंवा निळा पारदर्शक कागद लावून प्रकाशझोत जमिनीकडे ठेवणे, वाटेवरच चालणे व काजवे न पकडणे, हे नियम पाळावे लागतात. हे नियम केवळ औपचारिक नाहीत. परक्या प्रकाशात नर व मादी यांचे संकेत एकमेकांस दिसत नाहीत आणि वाट सोडून चालणाऱ्यांच्या पायांखाली माद्या व पाचोळ्यातील अळ्या चिरडल्या जातात. अल्पायुषी प्रौढांच्या मीलनात काही रात्री खंड पडला, तरी पुढील पिढीची हानी होते.

महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) भंडारदरा व कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मे-जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, झाडे काजव्यांनी लखलखतात. ते पाहण्यास येणाऱ्यांची वाहने, त्यांचे प्रखर दिवे व गोंगाट यांमुळे तेथेही हाच प्रश्न उद्भवला आहे. जंगलतोड, कीटकनाशके व रात्रीचा कृत्रिम प्रकाश हे काजव्यांचे सर्वत्र आढळणारे शत्रू होत. त्यांच्या संरक्षणासाठी अधिवासाबरोबरच तेथील काळोखही राखणे आवश्यक आहे.