पाठ दुखते, छाती धडधडते : भानगड काय आहे?

हॉस्टेलवर पाठ न दुखणारा माणूस शोधून दाखवावा! ड्रॉइंगच्या शीट्स, वाकून केलेली सबमिशन्स आणि मधोमध खड्डा पडलेली गादी, एवढं कारण पुरतं. पण पाठदुखीबरोबर छातीत धडधडायला लागलं की भलेभले घाबरतात. मी काही मेडिकलला नाही. पण या विषयावर बरंच वाचलं, एका डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, त्यातून जे कळलं ते इथे देतो आहे.

आपल्या वयात बहुतेक वेळा कारण साधं असतं. दुखणं हेच धडधडीचं कारण. कळ आली की शरीर अॅड्रेनलिन सोडतं आणि नाडी वाढते. टेन्शनचंही तसंच. व्हायवाच्या आदल्या रात्री श्वास भराभर होतो, बोटांना मुंग्या येतात, मान-पाठीचे स्नायू आखडतात. म्हणजे मूळ एक, तक्रारी दोन. त्यात अपुरी झोप, पाचवा कटिंग, वर एनर्जी ड्रिंक. मग हृदयाने तरी काय करावं?

रक्त कमी असेल तर (मुलींमध्ये हे जास्त) जिना चढतानाही धडधडतं. थायरॉइड वाढलं तरी तेच. पावसाळ्यात ताप येऊन पाठ मोडून आल्यासारखी दुखत असेल तर डेंग्यूची तपासणी करावी. कमरेच्या एका बाजूने जांघेकडे कळ जात असेल तर मुतखड्याचा संशय. एक कारण मात्र आपण स्वतः ओढवून घेतो. उपाशीपोटी पेनकिलर घेत राहिलं तर जठरात जखम होऊ शकते. ते दुखणं पाठीत जाणवतं, आतून रक्त गेलं की नाडी पळते, शौच काळी होते. ही गोष्ट रूममेटलासुद्धा सांगायला लाज वाटते, म्हणून लिहिली.

आता मुख्य मुद्दा. हृदयाचं दुखणं पाठीत कसं काय जाणवतं? हृदयाच्या नसा मज्जारज्जूत ज्या पातळीवर शिरतात, तिथेच छाती, हात आणि पाठीच्या वरच्या भागाच्या नसाही येतात. एकाच केबलवर दोन सिग्नल! मेंदूला वाटतं, पाठच दुखते. स्त्रिया, वयस्कर माणसं आणि डायबेटिसवाले यांच्यात छातीत न दुखता असं होण्याची शक्यता जास्त. म्हणून मेसचे काका किंवा वॉचमनकाका 'दोन खांद्यांच्या मध्ये दुखतंय, घाम येतोय' म्हणाले, तर बाम शोधत बसू नये. एकदम फाटल्यासारखी कळ पाठीत आली तर महाधमनीच्या आतल्या थराला चीर गेलेली असू शकते, तिथे तर मिनिटं मोजायची.

आपल्या येरवड्यात आगाखान पॅलेसच्या आवारात महादेवभाई देसाईंची समाधी आहे. राजवाडा बांधला गेला १८९२ साली, आणि त्याच वर्षी त्यांचा जन्म. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक झाली आणि १५ ऑगस्टला तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय फक्त पन्नास. डॉ. सुशीला नय्यर त्याच वाड्यात कैदेत होत्या, म्हणजे डॉक्टर हजर होत्या! पण छाती दाबून हृदय चालू ठेवायची आजची पद्धत १९६० ची, आणि फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी उघडणं पहिल्यांदा झालं १९७७ मध्ये, झुरिचला. त्यांच्या हाती यातलं काहीच नव्हतं. आपल्याकडे हे सगळं आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. असो.

धडधडीबरोबर घाम, धाप, चक्कर किंवा शुद्ध हरपणं यातलं काही असेल तर १०८ ला फोन करावा. पेशंटला चालवू नये, बाइकवर मधे बसवून तर मुळीच नेऊ नये. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच परत येऊ नये. डॉक्टर काही तासांनी पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करायला सांगतात, त्याला कारण असतं. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवी अडकली तर तेही इमर्जन्सीच.

एरवी धडधड होत असेल तेव्हा मनगटावर बोटं ठेवून तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. शांत बसलेलं असताना साठ ते शंभर ठीक. स्विच दाबल्यासारखी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी, दीडशेच्या वरची धडधड टेन्शनची नसू शकते. कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, कुठली गोळी घेतली हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. आणि एनर्जी ड्रिंकचा आकडा खरा सांगा!