फ्युएल इंजेक्शनची गाडी : ओळखावी कशी आणि सांभाळावी कशी

आमच्या कापड बाजारात वापरलेली गाडी घेण्याचा रिवाज फार आहे. धंदा जरा वाढला की टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या नकोशा होतात आणि एखादी जुनी व्हॅन किंवा मोटार दारात येते. घेताना आम्ही रंग पाहतो, टायर पाहतो, कागदपत्रे पाहतो. बॉनेट उघडतो, मान हलवतो आणि बॉनेट बंद करतो. ताग्यातली सुटलेली एक वीण ज्याच्या नजरेतून निसटत नाही, तोच माणूस इंजिनाच्या बाबतीत मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. आम्ही मेकॅनिक नाही. परंतु या प्रकरणात पैसे घालवून थोडाफार तजुर्बा पदरी पडला आहे, तो व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मूळ फरक समजून घ्यावा. जुन्या पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर असे. इंजिन हवा ओढते. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद घशातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल खेचले जाते. सारा कारभार हवेच्या ओढीवर, म्हणजे हाताने वावभर कापड मोजण्यासारखा. थंडीच्या सकाळी चोक ओढावा लागे तो याच कारणाने. पेट्रोल पुरते जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि हा हिशेब कार्बोरेटरला प्रत्येक वेळी जमत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला विजेचा पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. ते फिल्टरमधून एका नळीत येते, तिला रेल म्हणतात. रेलवर प्रत्येक सिलिंडरसाठी एक इंजेक्टर असतो. तो विजेवर क्षणाच्या काही हजाराव्या भागापुरता उघडतो आणि पेट्रोलचा फवारा मारून मिटतो. किती वेळ उघडायचे हे गाडीतला छोटा संगणक ठरवितो. हा संगणक म्हणजे गादीवरचा मुनीम समजा. तो स्वतः जागचा हलत नाही; हवा किती आली, इंजिन किती तापले, ॲक्सिलरेटर किती दाबला, धुरात ऑक्सिजन किती उरला, या खबरा सेन्सर आणून देतात व तो खतावणी जुळवितो. खबर खोटी आली तर मुनीम कितीही इमानदार असला तरी हिशेब चुकणारच. इंजेक्शनच्या गाडीची निम्मी दुखणी या एका वाक्यात आली.

सिलिंडरगणिक इंजेक्टर असलेल्या या रचनेलाच एमपीएफआय म्हणतात. परदेशात विजेवर चालणारे इंजेक्शन जुने आहे. बॉश कंपनीची पद्धत फोक्सवॅगनच्या मोटारीत १९६७ साली आली होती. आपल्याकडे ते सर्वसामान्यांच्या गाडीत आले धुराच्या कायद्यामुळे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील खाजगी मोटारींना युरो निकष लागू केले आणि एप्रिल २००० पासून देशभर पहिल्या टप्प्याचे निकष आले. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर स्वच्छ करतो, पण हवा-पेट्रोलचे प्रमाण नेमके असेल तरच. म्हणून कार्बोरेटर मागे पडला. १९९८ साली आलेली सॅन्ट्रो सुरुवातीपासून एमपीएफआय होती, तर मारुती ८०० दोन्ही तऱ्हेची सापडते. तेव्हा २००० च्या आगेमागे बनलेली गाडी असेल तर नावावरून अंदाज बांधू नये, इंजिन पाहावे. २०२० मध्ये बीएस-६ निकष आल्यापासून पेट्रोलच्या बहुतेक नव्या मोटारसायकली व स्कूटरही इंजेक्शनवर येतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. चावी फिरवा पण स्टार्टर मारू नका आणि कान द्या. टाकीकडून दोनेक सेकंद घूं असा आवाज येऊन थांबला तर तो पंप होय. चोकची खुंटी नसते. बॉनेटखाली इंजिनाच्या माथ्याजवळ रेल, आणि तिच्यावर वायरचे प्लग लावलेले इंजेक्टर ओळीने दिसतात. एअर फिल्टरची पेटी बहुधा बाजूला असते व तिच्यापासून जाड रबरी नळी निघते. कार्बोरेटरच्या गाडीत बहुतेक वेळा फिल्टरचा गोल डबा इंजिनावर टोपीसारखा बसलेला असतो.

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. चावी फिरविताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर दोष आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मुळात लागतच नसेल तर अधिक सावध व्हावे. बल्ब काढून किंवा दिव्यावर पट्टी चिकटवून दोष झाकणारे महाभाग बाजारात आहेत. मालातला ऐब सांगून माल विकावा ही दीनची शिकवण कापडाला लागू आहे आणि गाडीला नाही, असे कोठे लिहिले आहे? सौदा ठरविण्यापूर्वी मेकॅनिककडून स्कॅनर लावून पाहणे उत्तम. मात्र बॅटरीची तार काढली की अनेक गाड्यांतली दोषाची नोंद पुसली जाते, म्हणून गाडी चांगली पंधरा-वीस किलोमीटर चालवून मगच स्कॅनर लावावा.

आता आमची हकीकत. रमजानच्या सीझनमध्ये भिवंडीहून मालेगावला माल नेताना आमची जुनी व्हॅन कसारा घाटात बंद पडली. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. एका गॅरेजने आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग टाकी उतरवून पंप. साडेआठ हजार गेले आणि नवा पंप घालूनही गाडी भर उन्हात थांबली. ईदचा माल रस्त्यात, गिऱ्हाईक दुकानात! शेवटी ओळखीच्या एका बुजुर्ग मिस्त्रींकडे ओढून नेली. ते म्हणाले, "शेठ, चावी फिरवा आणि गप्प बसा." आम्ही फिरविली. घूं आवाज आलाच नाही. त्यांनी फ्यूज पाहिला, तो ठीक होता. मग हॉर्नचा रिले काढून पंपाच्या रिलेच्या जागी बसविला आणि पंप बोलला. तापल्यावर रिलेचा संपर्क सुटत होता, एवढेच. नवा रिले दीडशे रुपयांना आला. जुना पंप निर्दोष होता, पण तो भंगारात गेलेला. तेव्हापासून कोणीही पंप बदला म्हटले की आम्ही आधी फ्यूज, रिले आणि वायरचे जोड पाहायला सांगतो.

निगा म्हणाल तर थोडीच आहे, पण ती टाळू नये. टाकी तळाला जाऊ देऊ नका. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो व पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा चालला की त्याचे आयुष्य घटते. सीएनजी लावलेले आमचे बरेच बांधव येथेच फसतात. गॅसवर चालायचे म्हणून टाकीत शे-दोनशेचे पेट्रोल ठेवतात, आणि कित्येक किटमध्ये गॅसवर असतानाही पंप फिरतच असतो. पाव टाकी पेट्रोल ठेवावे व रोज थोडे अंतर पेट्रोलवर चालवावे.

एअर फिल्टर धुळीच्या गावात लवकर बदलावा. कापडाच्या गोदामाजवळ उभ्या गाडीत सुताचा कचराही जातो, हा आमचा अनुभव. आयडलला इंजिन अडखळत असेल तर इंजेक्टरपूर्वी थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यावी. इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नये. पाणी जोडांत शिरते व सेन्सर खोटे बोलू लागतात. रॉकेलमिश्रित पेट्रोलाने कन्व्हर्टर व सेन्सर दोन्ही खराब होतात, म्हणून पंप पारखून घ्यावा. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत, ते वरचेवर तपासावेत. चालू गाडीत पिवळा दिवा लुकलुकू लागला तर सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता बाहेर पडत आहे असे समजावे. तसेच दामटत नेल्यास महागडा कन्व्हर्टर जळतो. पेट्रोलचा वास आला तर गाडी लगेच थांबवावी, कारण येथे पेट्रोल दाबाखाली असते व फटीतून फवारा उडतो. त्याच कारणाने फिल्टर घरी बदलू नये.

डिझेलच्या कॉमन रेल गाडीला तर हातच लावू नये. जुन्या डिझेल इंजिनात नट सैल करून हवा काढण्याची सवय आमच्या ड्रायव्हरांना आहे. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर नट सैल केल्यास तेलाची धार कातडी फोडून हातात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तासाभरात इस्पितळ गाठावे, आणि डॉक्टरांना डिझेल दाबाने आत गेले आहे हे स्पष्ट सांगावे.