मारिओच्या भिंतीपलीकडे

मुलगा व्हिडिओ गेममध्ये एकाच भिंतीवर शंभरदा आपटतो आहे, पुढे जातच नाही, हे पाहून आईवडील वैतागतात. पालकहो, तो बहुधा खेळत नसतो. यंत्राची चूक शोधत असतो.

१९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या गेममुळे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आपल्या पनवेलसारख्या गावांतही पोचला. निन्टेंडोचा हा गेम १९८५ चा. त्यात तिसऱ्या जगाच्या पहिल्याच टप्प्यात पायरीवरच्या कासवावर नेमक्या उड्या मारत राहिले, की मारिओचे जीव वाढत जातात. मात्र १२७ च्या पुढे हाव धरली, तर यंत्राच्या हिशेबी तो आकडा उणे होतो आणि पुढच्याच मरणाला खेळ खलास!

याहून नवलाची गोष्ट पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्याची. शेवटच्या पाइपावरून बेताने उलटी उडी घेतली, तर मारिओ विटांतून आरपार सरकतो. पलीकडचा पाइप त्याला छत्तिसाव्या जगात नेतो. असे जग कुणी बनवलेच नव्हते! छत्तीस क्रमांकाचे चित्र कोरे, म्हणून पडद्यावर नुसते ‘-१’ उमटते. आत पाणीच पाणी, शेवट नाही.

यंत्र इथे दिलेला हुकूम अक्षरशः पाळते, गोडी आहे ती यातच. (तेरीज जुळेना म्हणून जागलेल्या कारकुनाला ती समजावून सांगावी लागत नाही.)

मूळ यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवते. काही उड्यांना त्यांतले नेमके एकच चालते. २०२१ साली निफ्ट्स्की या टोपणनावाच्या खेळाडूने अशा युक्त्या वापरून, मधली जगे गाळून, गेम ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत संपवला. पुढे स्वतःचाच विक्रम त्याने मोडला, तोही सेकंदाच्या अंशाने.