टाचेमागचे दुखणे आणि जिन्याची पायरी

सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावले टाकली की टाचेच्या मागे, जरा वर, शीर ओढल्यासारखी दुखते. भिंत धरून मोरीपर्यंत जावे, तोवर पाय मोकळा होतो आणि माणूस कामाला पळतो. मीही दोन वर्षे असाच पळालो. घराचा जिना, रेल्वेचा पूल, पुन्हा कचेरीचा जिना! "वय झाले" म्हणत रोज रात्री तेल चोळीत बसलो.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधून ठेवणाऱ्या या जाड दोराला डॉक्टर 'अकिलीस टेंडन' म्हणतात. आपण शीर म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नव्हे. शरीरातला हा सर्वांत जाड स्नायुबंध. चढउतार किंवा ओझी वाहणे एकदम वाढले की त्यालाही ते पेलत नाही. चिमटीत धरला की दुखतो, कधी जाडसर लागतो. तळव्याकडून टाच दुखत असेल तर ते दुखणे वेगळे.

"विश्रांती घ्या," असे सांगतात. रोजंदारीवरच्या माणसाने ती कोठून आणायची? पण नुसती विश्रांती हा यावरचा उपाय नव्हेच. स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच टाच दुखत होती. शस्त्रक्रियेला वरिष्ठांनी नकार दिला. शीर तुटली तर करावीच लागेल, म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम ताण दिला. तुटणे राहिले दूर, दुखणेच गेले! पुढे १५ रुग्णांना तोच व्यायाम देऊन त्यांनी १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

कठडा धरून पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा. दोन्ही टाचा उचला. मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवा. वर येताना चांगल्या पायाने या. असे १५ वेळा, तीन फेऱ्या. मग गुडघा किंचित वाकवून तितकेच. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. सुरुवात थोडक्यात करावी. करताना थोडे दुखले तरी चालते; दुसऱ्या दिवशी वाढले तर कमी करा. अगदी हाडाला लागून दुखत असेल तर सपाट जमिनीवरच करा. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण महिन्याभरात कंटाळून सोडणारेच जास्त. मला फरक दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस कळला. सपाट स्लिपरपेक्षा टाच जरा उंच असलेली चप्पल बरी.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्यांनीही ही शीर दुखावते, क्वचित तुटते. साठीनंतर आणि स्टेरॉइड चालू असेल तर धोका अधिक. गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखू लागले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटले, फटकन आवाज झाला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर शीर तुटली असे समजा. चोळू नका. त्याच दिवशी रुग्णालयातला हाडांचा विभाग गाठा. कामगार विम्याचे कार्ड असेल आणि वर्गणीचे दिवस भरले असतील, तर रजेच्या काळात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. दाखला मात्र पहिल्या दिवसापासूनचा घ्या.